अभ्यासक्रमासाठी चिंतनपर रोजनिशी कशी लिहावी

‘आज गतीचे नियम शिकवले, तीन उदाहरणे सोडवली, गृहपाठ दिला’ ही नोंद कितीही नेटकी असली, तरी ती तासाचा वृत्तांत ठरते, चिंतन नव्हे. वर्गात काय झाले, यापेक्षा आपल्या समजुतीचे काय झाले, ती कुठे अडखळली, कशामुळे बदलली आणि अजून कुठे कच्ची आहे, हे रोजनिशीत यायला हवे.

नोंद त्याच दिवशी लिहावी. शिकलेले सुरुवातीच्या काही तासांतच सर्वांत झपाट्याने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून 1885 मध्ये दाखवले. रोजनिशीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: एखादी गोष्ट एकदा उमगली की ती आधी का उमगत नव्हती, हे आठवतच नाही आणि नेमका तोच गोंधळ येथे मोलाचा असतो. म्हणून तास चालू असताना अडलेल्या जागी समासात नुसते प्रश्नचिन्ह करून ठेवावे आणि संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे त्या एकाच प्रश्नचिन्हाला द्यावीत. सगळा तास कवेत घेऊ पाहणारी नोंद बहुधा उथळच होते.

नोंद कशी असावी, याचा एक नमुना पाहा: ‘सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती, या प्रश्नाला मी शून्य असे उत्तर दिले. चेंडू तिथे क्षणभर थांबतो, म्हणजे सगळेच शून्य, असे मी धरून चाललो होतो. त्वरण खरोखर शून्य असते, तर चेंडू तिथेच राहिला असता, हे मैत्रिणीने दाखवल्यावर चूक लक्षात आली. वेग शून्य होतो, पण त्वरण खालच्या दिशेने सुमारे 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग इतके कायम असते. वेग आणि वेगातला बदल यांची मी गल्लत करतो. मागच्या आठवड्यातल्या आलेखांतही हेच झाले असावे. उद्या ते आलेख पुन्हा काढून पाहीन.’ या नोंदीत चूक आहे, तिचे मूळ आहे, जुन्या धड्याशी जोड आहे आणि पुढची कृतीही ठरलेली आहे.

सुरुवातीला आधार हवा असेल, तर शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहॅम गिब्ज यांनी 1988 मध्ये मांडलेले चिंतनाचे चक्र उपयोगी पडते. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृतियोजना असे त्याचे सहा टप्पे आहेत. मात्र प्रत्येक नोंदीत सहाही रकाने भरण्याचा अट्टहास धरू नये, कारण त्याने लेखन अर्ज भरल्यासारखे होते. वर्णन दोन-तीन वाक्यांत आटोपावे आणि उरलेली जागा विश्लेषणाला द्यावी. भावनेचा टप्पा अनेक जण संकोचाने गाळतात. पण उत्तर येत असूनही भीतीने हात वर केला नाही, ही शिकण्याविषयीचीच माहिती आहे आणि ती लिहायलाच हवी.

रोजनिशी शिक्षक वाचणार असतील, तर गटातल्या सोबत्यांची नावे टाळावीत आणि अगदी खासगी मजकूर वेगळ्या वहीत ठेवावा.

उजव्या पानावर नोंद लिहून डावे पान कोरे सोडण्याची सवय मला सर्वांत फलदायी वाटते. दोन-तीन आठवड्यांनी जुनी नोंद वाचून त्या कोऱ्या पानावर, वेगळ्या शाईने आणि तारीख घालून, आता काय वेगळे दिसते ते लिहावे. सत्राच्या शेवटी या जोडपानांतूनच तीन-चार नोंदी निवडून आपल्या विचाराचा प्रवास मांडता येतो. आदल्या रात्री एकदम लिहिलेल्या वीस नोंदींत हा प्रवास आणता येत नाही. सादर करण्यापूर्वी शुद्धलेखन जरूर तपासावे, पण जुन्या नोंदीतले चुकीचे उत्तर मात्र खोडू नये. दुरुस्ती समोरच्या पानावर करावी.