गिधाडांच्या आकड्यांत वळण शोधताना
गिधाडांच्या वार्षिक गणनेत बदल कधी झाला हे तपासताना संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये थेट २००६ चा टप्पा घालू नका. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर (हे वेदनाशामक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मरत) भारतात त्या वर्षी बंदी आली खरी, पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. परिणाम आकड्यांत उतरायला वर्षं जातात. वळणाचं वर्ष मॉडेललाच शोधू द्या, आणि ते किती मागेपुढे असू शकतं हेही काढा. मोजणीला किती तास दिले, त्याचा लॉग (लॉगॅरिदम) ऑफसेट म्हणून, म्हणजे गुणक १ वर पक्का ठेवलेलं पद म्हणून, घालाच, नाहीतर वाढलेले निरीक्षक म्हणजे वाढलेली गिधाडं असं वाटेल. सरळ रेषेपेक्षा निगेटिव्ह बायनॉमियल (खूप चढउतार असलेल्या मोजणीच्या आकड्यांसाठीचं मॉडेल) बरं. आणि उरलेल्या त्रुटींचा (प्रत्यक्ष आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकांचा) स्वसहसंबंध पाहा: यंदाचा आकडा गेल्या वर्षाला धरून असतो, ते विसरलं तर नसलेला बदलही ठळक दिसतो.