एस्क्रिमा-आर्निसच्या पहिल्या टुर्नामेंटला उतरताय? काठीच्या आधी रूलबुक उघडा

नवीन टुर्नामेंटच्या तारखा आल्या की क्लासमध्ये हमखास कोणीतरी विचारतं, मी वर्षभर शिकतोय, उतरू का? माझं उत्तर नेहमी एकच, उतरा, पण फॉर्म भरायच्या आधी त्या टुर्नामेंटचं रूलबुक मागवून दोनदा वाचा. आर्निस, एस्क्रिमा, काली ही सगळी एकाच फिलिपिनो काठीविद्येची नावं, पण स्पर्धांचे नियम इतके वेगवेगळे की एका ठिकाणी ज्या फटक्याला पॉइंट मिळतो त्याच फटक्याला दुसरीकडे फाउल मिळतो. मी स्वतः पहिल्या वेळी रूलबुक न वाचता गेलो होतो, टोकाने भोसकायची सवय हातात मुरलेली, आणि पहिल्याच राउंडमध्ये दोनदा वॉर्निंग मिळाली. नंतर पूर्ण बाउटभर म्हणजे लढतभर मी लढत नव्हतो, स्वतःचा हात आवरत होतो.

ढोबळ मानाने तीन प्रकार समोर येतील. पहिला लाइव्ह स्टिक, म्हणजे खरी वेताची काठी आणि अंगावर पूर्ण संरक्षण. वर्ल्ड एस्क्रिमा काली आर्निस फेडरेशन, ज्याला सगळे वेकाफ म्हणतात, त्यांचा फॉरमॅट यातला सगळ्यात ओळखीचा. एक-एक मिनिटाचे तीन राउंड, बाउट सलग चालते, प्रत्येक फटक्याला थांबवत नाहीत, आणि जजेस बॉक्सिंगसारखी टेन-पॉइंट सिस्टीम वापरतात म्हणजे राउंड जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला त्याहून कमी. दुसरा पॅडेड स्टिक, काठीवर फोमचं आवरण, आणि बऱ्याच ठिकाणी क्लीन फटका लागला की रेफरी थांबवून पॉइंट देतो, त्यामुळे इथे पहिला फटका कोणाचा यालाच सगळी किंमत. तिसरा आन्यो, म्हणजे फॉर्म्स, एकट्याने किंवा टीमने करायचे, एका काठीने, दोन काठ्यांनी किंवा एस्पादा इ दागा म्हणजे लांब-आखूड जोडीने. हे तीन प्रकार किती वेगळे आहेत याचा अंदाज हवा असेल तर २०१९ चे साउथ ईस्ट एशियन गेम्स बघा, आंजेलेस सिटीत आर्निसची २० गोल्ड मेडल्स होती आणि लाइव्ह स्टिक, पॅडेड स्टिक, आन्यो यांची मेडल्स वेगवेगळी होती. त्यातली १४ फिलिपिन्सने घेतली.

स्पर्धा शोधायची तर आधी आपल्या गुरोंना म्हणजे शिकवणाऱ्यांना विचारा, कारण बहुतेक टुर्नामेंटला एंट्री क्लब किंवा नॅशनल फेडरेशनमार्फतच जाते, एकट्याने ऑनलाइन फॉर्म भरून चालेलच असं नाही. वेकाफची वर्ल्ड चॅम्पियनशिप साधारण दोन वर्षांतून एकदा येते आणि तिथे जायचा रस्ता बहुतेक वेळा देशातल्या सिलेक्शनमधून जातो. साउथ ईस्ट एशियन गेम्सवर मात्र डोळे लावून बसू नका, तिथे कोणते खेळ ठेवायचे यात यजमान देशाचा शब्द मोठा असतो म्हणून आर्निस २००५ ला मनिलात होतं, मग मधली बरीच वर्षं नव्हतं, मग २०१९ ला आलं, २०२३ ला कंबोडियात होतं. फिलिपिन्समध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी गोष्ट वेगळी, तिथे ११ डिसेंबर २००९ च्या कायद्याने आर्निस हा राष्ट्रीय मार्शल आर्ट आणि राष्ट्रीय खेळ झाला आणि शाळांच्या पालारोंग पाम्बान्सा स्पर्धेत पहिली लढत आर्निसची असावी असंही त्या कायद्यात लिहिलंय. मला ही गोष्ट फार आवडते.

पहिल्यांदा उतरणाऱ्याने कोणता प्रकार घ्यावा? माझं मत, पॅडेड स्टिक आणि जमलं तर सोबत आन्यो. लाइव्ह स्टिकचा आवाज आणि धक्का हेल्मेटच्या आत जो जाणवतो त्याची सवय क्लासमध्ये चार-पाच वेळा तरी झालेली पाहिजे, नाहीतर पहिल्या दहा सेकंदात माणूस डोळे मिटतो. आणि आन्योला हलकं समजू नका, तिथे तुमचा पाय, कंबर, काठीचा कोन सगळं उघडं पडतं.

रूलबुक वाचताना काय बघायचं ते सांगतो. टार्गेट कुठे चालतं, गुडघ्याखाली मारलेलं चालतं का, डोक्याच्या मागे मारलं तर काय, टोकाने भोसकणं आणि पुन्योने म्हणजे मुठीखाली जो काठीचा बुंधा उरतो त्याने मारणं फाउल आहे का (लाइव्ह स्टिकमध्ये बहुतेक ठिकाणी असतं), रिकाम्या हाताने समोरच्याची काठी पकडता येते का आणि किती वेळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काठी हातातून सुटली तर किती पॉइंट कापतात आणि किती वेळा सुटली की बाउटच जाते. हा शेवटचा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा. डिसआर्ममुळे हातातली बाउट गेलेली मी इतक्यांदा बघितलीय की आता प्रत्येक नवीन मुलाला मी आधी मूठ दाखवायला सांगतो. बुंध्याकडून साधारण एक मूठ जागा सोडून पकडायचं, अंगठा बोटांवर बंद, आणि पूर्ण वेळ आवळून धरायचं नाही, फटका लागतो त्या क्षणीच आवळायचं. सतत आवळलं तर तिसऱ्या राउंडपर्यंत पंजा दगड होतो आणि मग काठी आपोआप निसटते.

आता काठी. स्पर्धेसाठी वेतच, कारण वेत फुटला तरी त्याचे धागे सुटतात, लाकडासारखे टोकदार तुकडे उडत नाहीत. कामागोंग किंवा बाही ही फिलिपिन्समधली जड लाकडं सरावाला, आन्योला सुंदर वाटतात पण स्पारिंगला ती कधीच आणू नका. नेहमीची काठी साधारण २८ इंच लांब आणि इंचभर जाड, पण मापाची मर्यादा रूलबुकात असते, आणि काही ठिकाणी लढतीच्या काठ्या आयोजकच देतात, हे आधी विचारा म्हणजे अनोळखी वजनाच्या काठीनेही थोडा सराव करून ठेवता येईल. स्वतःच्या न्यायच्या असतील तर तीन न्या. फार वाळलेला वेत हलका आणि ठिसूळ होतो, वाकवून आणि आपटून आवाज ऐका, खुळखुळ वाजली की ती बाजूला. विमानाने जाणार असाल तर काठ्या चेक-इन बॅगेतच टाका, केबिनमध्ये सिक्युरिटीवाले सोडणार नाहीत.

गिअरमध्ये हेल्मेट आणि ग्लोव्हज यावर कंजूषी नको. हेल्मेटची जाळी हलवून बघा, हनुवटीचा पट्टा घट्ट करून डोकं जोरात फिरवा, डोकं फिरलं आणि हेल्मेट जागेवरच राहिलं तर ते तुमच्या मापाचं नाही. ग्लोव्हजचं दुखणं वेगळंच, जाड घेतले तर मूठ बंद होत नाही आणि पातळ घेतले तर बोटं जातात. सगळ्यात जास्त इजा बोटांनाच होते. म्हणून जे ग्लोव्हज स्पर्धेला घालणार तेच घालून किमान महिनाभर सराव करा, नवे कोरे ग्लोव्हज त्या दिवशी पहिल्यांदा घालणं म्हणजे डिसआर्मला आमंत्रण. बाकी चिलखती जॅकेट, कोपर, मनगट, गुडघा, ग्रोइन गार्ड हे सगळं आलंच.

हे चिलखत कुठून आलं ते माहीत असावं, कारण त्यातच सगळ्यात मोठी चूक दडलीय. जुन्या काळी फिलिपिन्समध्ये लढती संरक्षणाशिवाय व्हायच्या, माणसं कायमची जायबंदी व्हायची. सेबूच्या दोसे पारेस क्लबमधले (स्थापना १९३२) दियोनिसियो कान्येते यांनी चिलखत आणि नियम बसवले, मार्च १९७९ मध्ये सेबूत पहिली ओपन आर्निस टुर्नामेंट झाली, तिच्यात मास्टर्स गटात साठीला टेकलेले काकोय कान्येते जिंकले, आणि १९८९ ला सेबूतच वेकाफची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. चिलखतामुळेच आज तुम्ही आम्ही बिनधास्त उतरू शकतो. पण त्याच चिलखतामुळे लोक बचाव करायचं सोडून देतात, दोघंही समोरासमोर उभे राहून नुसते धडाधड मारत सुटतात, कोणाचे फटके जास्त बसले हाच हिशोब. जुन्या मास्टरांचा यावर जो राग आहे तो मला पूर्ण पटतो. स्पर्धा म्हणूनही ते वाईटच, कारण अशा गदारोळात जजला काहीच स्पष्ट दिसत नाही. बाजूला सरकून, समोरची काठी अडवून किंवा बांताय कामायने म्हणजे राखणीच्या डाव्या हाताने तिला चेक करून मग दिलेला एक फटका लांबूनही स्पष्ट दिसतो.

म्हणून तयारीचे आठ आठवडे असे घालवा. पहिले तीन आठवडे नुसतं फुटवर्क आणि अंतर, लार्गोतून म्हणजे लांबच्या अंतरातून मेदियोत म्हणजे मधल्या अंतरात शिरायचं, मारायचं, कोनात बाहेर पडायचं, समोर उभं राहायचंच नाही. आठवड्यातून एकदा पार्टनरसोबत फक्त हेल्मेट आणि ग्लोव्हज घालून, फोमची काठी घेऊन हळू वेगात स्पारिंग करा, अंगावर जॅकेट नसलं की शरीर आपोआप बचाव आठवतं. चौथ्या आठवड्यापासून दम. जुना टायर टांगा आणि एक मिनिट पूर्ण ताकदीने, अर्धा मिनिट आराम, असे तीन, मग पाच मिनिटं बसा आणि परत तीन, कारण त्या दिवशी एक बाउट जिंकलात की थोड्या वेळात दुसरी येतेच. एक मिनिट ऐकायला काहीच वाटत नाही, पण सलग फटक्यांच्या एका मिनिटात खांदे पेटतात आणि पस्तीसाव्या-चाळीसाव्या सेकंदाला हात खाली येतो, नेमकं तिथेच डोकं उघडं पडतं. विटिक म्हणजे झटक्यात परत येणारा आणि लोब्तिक म्हणजे आरपार जाणारा, दोन्ही फटके मिसळून मारा, आबानिको म्हणजे मनगट पंख्यासारखं फिरवून दिलेला फटका डोक्याच्या दोन्ही बाजूंना छान बसतो पण नुसता मनगटी आबानिको जज हलका धरतात, त्याच्या मागे एक भरीव फटका हवाच. शेवटचा आठवडा हलका ठेवा, वजन उतरवायच्या मागे लागू नका, पहिल्या स्पर्धेला तुमचं नेहमीचं वजन ज्या गटात बसतं तोच गट.

स्पर्धेच्या दिवशी वजन आणि गिअर चेकिंगला लवकर पोचा, रांग लांब असते आणि हेल्मेट नापास झालं तर दुसरं मागायला वेळ लागतो. रेफरीचे शब्द फिलिपिनोत असू शकतात: पुगाय म्हटलं की नमस्कार, हांदा म्हणजे तयार, लाबान म्हणजे लढा, हिंतो किंवा तिगिल म्हणजे थांबा. थांबा म्हटल्यावर लगेच थांबा, पुढे गेलेला एक फटकासुद्धा पॉइंट खातो. कॉर्नरला एकच माणूस ठेवा, आणि त्याला आधीच सांगा की मधल्या ब्रेकमध्ये एकच वाक्य बोल, जास्त काही त्या वेळी डोक्यात शिरतच नाही. माझे गुरो मला फक्त "डावीकडे" एवढंच म्हणायचे आणि ते पुरायचं.

निकाल पटला नाही तर मॅटवर वाद घालू नका, प्रोटेस्टची पद्धत रूलबुकात असते आणि ती कोच करतो, लढणारा नाही. बाउट संपली की हेल्मेट काढून समोरच्याकडे जा, हात मिळवा, त्याच्या गुरोंनाही वाकून पुगाय करा. आणि ग्लोव्हज काढल्यावर बोटं एकेक करून वाकवून बघा, गरम असताना दुखत नाही, फ्रॅक्चर रात्री कळतं. कुठे सूज किंवा वाकडेपणा दिसला तर पुढची बाउट सोडा आणि डॉक्टरला दाखवा. डोक्याला जोरात लागून मळमळ किंवा गरगर वाटली तर तेच, कोणी कितीही आग्रह केला तरी त्या दिवशी परत मॅटवर जायचं नाही.