तळ्याकाठी जाऊन बसण्याआधी

पक्षी जवळून टिपायचा तर त्याच्या मागे जायचं नाही, तो येणार तिथं आधीच जाऊन बसायचं. म्हणून कॅमेऱ्याला हात लावण्याआधी आदल्या संध्याकाळी तळं पाहून या. गावाबाहेरचा साधा पाझर तलाव पुरतो. १९७२च्या दुष्काळात लोकांच्या हातांनी बांधलेले तलाव आज कितीतरी पक्ष्यांना पोसतात. पाण्यावर झुकलेली वाळकी फांदी आणि तिच्यावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले की ती खंड्याची बैठक समजा. उथळ चिखलात तुतारी, शेकाट्या असे पाणथळीतले पक्षी फिरतात. सकाळचं ऊन पाठीशी हवं, तेव्हा जागा पूर्वेच्या काठावर धरा. बांध ज्याचा, त्या शेतकऱ्याला विचारून ठेवा. म्हशी पाण्यावर कधी येतात ते त्यालाच ठाऊक असतं, आणि म्हशींबरोबर गायबगळे येतातच.

कपडे मातकट रंगाचे. बसायला गोणपाट, लेन्स टेकवायला वाळूची छोटी पिशवी. तिच्यामुळे कॅमेरा जमिनीलगत, पक्ष्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतो, आणि माझ्या मते चांगल्या फोटोचं अर्धं काम तिथंच होतं. ४०० मिमीची लेन्स असेल तर उत्तम; नसेल तर तळ्यासकट पक्षी टिपा. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/५०० सेकंद, उडत्याला १/२००० किंवा त्याहून जलद. काळ्या पाण्यावर बगळ्याची पिसं पांढरीफटक होतात, एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं उतरवा. जादा बॅटरी, पाणी, फोन मुका.

उजाडण्याआधी अर्धा तास जागेवर बसलेलं असावं. टिटवी ओरडून सगळ्या तळ्याला सावध करते. तेव्हा हलू नका. ती गप्प झाली की बाकीचेही हळूहळू परततात. समोरच्या चिखलातच ढोकरी उभी असू शकते, उडाल्यावर पांढरे पंख दिसेपर्यंत कळत नाही.

पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, फ्लॅश आणि ड्रोन घरीच ठेवा. उन्हाळ्यात टिटवी उघड्या खड्यांवर अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करू लागली, तर पायाखाली बघत आल्या वाटेनं मागे फिरा. पावसाळ्यात कमळपक्ष्याचा नर तरंगत्या पानांवर अंडी उबवतो. फोटोत आडवं येतं म्हणून एकही पान सरकवू नका. हिवाळ्यात चक्रवाकांचा थवा चरायचं सोडून माना उंचावून बघू लागला, की पुढं सरकणं थांबवा. ते पुन्हा चरायला लागेपर्यंत कॅमेरा खालीच राहू द्या.