प्रो लोकांची सायकल पाहून आपली सायकल कशी घ्यायची

दरवर्षी आयर्नमॅनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग लांबलचक शर्यतीची, वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली की आमच्या ग्रुपवर दोन दिवस एकच विषय, कोण कोणत्या सायकलवर जिंकलं. आणि तिसऱ्या दिवशी कोणाचा ना कोणाचा मला फोन येतो, दादा तीच घेऊ का. मागच्या आठवड्यातही एकाचा आला, गोव्याची ७०.३ (म्हणजे अर्ध्या अंतराची आयर्नमॅन) करायची आहे, पहिलीच, नोकरीला लागून दोन वर्षं झालीत आणि सायकलसाठी लोन काढायला निघाला. त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला लिंक पाठवता येईल.

पहिले हे समजून घ्या की प्रोच्या, म्हणजे हाच धंदा असलेल्या खेळाडूच्या, बुडाखाली जी फ्रेम असते ती बहुतेक वेळा करारातून आलेली असते. या खेळात बक्षिसाचा पैसा मोजक्याच लोकांपर्यंत पोचतो. वर्ल्ड चॅम्पियनला १,२५,००० डॉलर मिळतात, ऐकायला मोठे वाटतात, पण तो वर्षातून एकच माणूस आणि एकच बाई. बाकीच्यांचं घर, कोच, विमानाची तिकिटं हे सगळं स्पॉन्सरवर चालतं, आणि त्यात सायकलवाला बहुतेक सगळ्यात मोठा. करार पण सगळ्यांचा सारखा नसतो. वरच्या लोकांना वर्षाचे ठरलेले पैसे आणि जिंकलं की बोनस, मधल्यांना सायकल फुकट आणि थोडेसे पैसे, आणि खालच्या बऱ्याच जणांना फक्त सायकल किंवा तीही सवलतीत. करार बहुधा डिसेंबरअखेर संपतात, म्हणून जानेवारी लागला की एकदम दहा लोक नव्या सायकलसोबत फोटो टाकून राहिले असतात. त्या फोटोतून तुम्हाला कळतं की कोणाचा करार कुठे झाला, एवढंच. यात फसवणूक काहीच नाही, त्यांचं ते पोट आहे आणि खूप मेहनतीचं आहे, फक्त आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो.

आता फोटो पाहायचा कसा ते सांगतो. फ्रेमवरचं मोठं नाव सोडून द्या आणि झूम करून सीट पहा, टायर पहा, चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) पहा, कोपर ठेवायचे कप पहा. जिथे लोगो काळ्या टेपने झाकला आहे किंवा मार्करने रंगवला आहे तिथे थांबा. तो पार्ट त्या माणसाला बहुतेक कोणी दिलेला नसतो, त्याने स्वतः निवडलेला असतो, आणि करारातल्या ब्रँडला नाराज करायचं नाही म्हणून नाव झाकलेलं असतं. मी एकदा रात्री बसून एका प्रोच्या सायकलचे फोटो असे पाहत होतो, सगळी सायकल चकाचक आणि सीटच्या नाकावर मात्र इलेक्ट्रिकवाल्याची काळी टेप, एका कडेने थोडी उचकटलेली. १८० किलोमीटर ज्याला त्या सीटवर बसायचं आहे तो तिथे तडजोड करत नाही. शिकायचं तर ते शिका. सीट आणि टायर यांच्यावर खर्च करा, फ्रेमच्या नावावर नंतर.

दुसरं, एका ब्रँडच्या जिंकण्याला किती किंमत द्यायची. २०२४ चं कोना घ्या, म्हणजे हवाईतल्या कोना गावातली वर्ल्ड चॅम्पियनशिप. सॅम लेडलोने सायकलचा भाग ३ तास ५७ मिनिटांत संपवला, म्हणजे ताशी ४५ च्या वर, तिथला रेकॉर्ड. मग मॅरेथॉनमध्ये असा कोसळला की पहिल्या दहातही आला नाही. जिंकला पॅट्रिक लांगे, ७ तास ३५ मिनिटांत. आणि दोघंही कॅनियन कंपनीच्या सायकलवर. सायकल तीच, एकाचा दिवस बुडाला आणि एकाचा सोन्याचा झाला, मग यातून सायकलबद्दल काय कळलं सांगा. त्याच्या पाच वर्षं आधी, २०१९ मध्ये नीसला ७०.३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, डोंगराचा कोर्स, तिथे गुस्ताव इडेन साध्या रोड बाइकला एरोबार (कोपरं टेकवून पुढे झुकायचे दांडे) लावून आला आणि टीटी सायकलवाल्यांना, म्हणजे खास हवा कापायला बनवलेल्या सायकलवाल्यांना, मागे टाकून जिंकला. त्याने कोर्स पाहिला आणि त्याप्रमाणे सायकल निवडली. मला तर तो निर्णय या खेळातला सगळ्यात सुंदर निर्णय वाटतो. ज्यांना पहिली गोव्याची करायची आहे त्यांनी हे नाव कागदावर लिहून भिंतीवर लावा, तुमच्याकडे रोड बाइक आहे न, मग क्लिप-ऑन, म्हणजे आहे त्या हँडलवर बसणारा, एरोबार लावा आणि पहिली रेस त्याच्यावर करा.

प्रोपेक्षा जास्त कामाची माहिती हवी असेल तर कोनाची मोजणी पहा. तिथे रेसच्या आदल्या दिवशी सायकली आत जाताना एकेक ब्रँड मोजतात, आणि त्यात बहुतेक सायकली तुमच्या-आमच्यासारख्या हौशी लोकांच्या, स्वतःच्या खिशातून घेतलेल्या. २००५ पासून वर्षानुवर्षं तिथे सर्व्हेलो पहिला राहिला. म्हणजे पैसे देणाऱ्या लोकांना ती सायकल पटली, हे खरंच काहीतरी सांगतं. पण तिथेही एक गोष्ट लक्षात ठेवा, हवाईपर्यंत जाणारा माणूस अमेरिकेत किंवा युरोपात राहतो, त्याच्या गावात डीलर आहे, पार्ट दोन दिवसांत घरी येतो. आपलं तसं नाही.

आणि इथेच नागपूरचा प्रश्न येतो, याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण मी यात हात पोळून घेतला आहे. गोव्याहून सायकल बॉक्समध्ये घालून परत आणली, घरी बॉक्स उघडला तर मागचा गिअर आत वळलेला, हँगर वाकला होता. हँगर म्हणजे मागचा गिअर ज्याला लटकतो तो अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम नरम ठेवतात. मेकॅनिकदादाने फार सांभाळून सरळ करायला घेतला आणि टक असा आवाज आला, दोन तुकडे त्याच्या तळहातावर. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो. माझ्या फ्रेमचा अख्ख्या नागपुरात नव्हता, मुंबईत नव्हता, बाहेरून मागवला त्याला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस माझी सायकल भिंतीला टेकून उभी. तेव्हापासून माझा नियम, सायकल घेताना दोन हँगर जास्तीचे सोबतच घ्यायचे, दुकानदार नंतर मागवून देतो म्हणाला तरी नाही.

त्यामुळे ब्रँड निवडताना पहिला प्रश्न हा विचारा की याचा डीलर भारतात आहे का आणि वॉरंटी कोण देणार. ट्रेक, जायंट, स्कॉट यांचे डीलर आपल्याकडे आहेत. कॅनियनची विक्री मुख्यतः थेट ऑनलाइन, सायकल भारी आहे यात शंका नाही, पण बिघडली की कोणाकडे न्यायची हे आधी ठरवून ठेवा. मग हँडल पहा. आजकालच्या टीटी सायकलींत ब्रेकचे पाइप, वायरी सगळं हँडलच्या आतून जातं, दिसायला एकदम साफ, पण हँडल एक इंच वर करायचं म्हटलं तरी कधी कधी ब्रेकचं तेल परत भरावं लागतं. प्रोला त्याचं काही नाही, त्याच्याकडे मेकॅनिक आहे आणि पुढच्या वर्षी नवी सायकल येणार आहे. तुम्हाला तीच सायकल आठ वर्षं चालवायची आहे, आणि दर रेसला स्वतः खोलून बॉक्समध्ये भरायची आहे. दुकानातच विचारा, बॉक्समध्ये भरायला काय काय खोलावं लागतं, आणि त्यांनाच खोलून दाखवायला लावा.

आपल्या उन्हाचंही पहा. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, ट्रेनरवर (घरात एका जागी सायकल चालवायचा स्टँड) बसलं की घामाची धार सरळ एरोबारवरून हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल जिथे फिरतं त्या सांध्यात, उतरते आणि तिथले बोल्ट गंजतात. वर टॉवेल टाका आणि दर दोन महिन्यांनी ते बोल्ट काढून ग्रीस लावा. पाण्याची बाटली दोन हातांच्या मधे असेल तर वाकायला लागत नाही, फ्रेममध्ये पाणी भरायची सोय असलेल्या महागड्या सायकलीच हव्यात असं नाही, साधी बाटली एरोबारच्या मधे बांधली तरी काम होतं.

पैसे उरले तर फिटिंगवर, म्हणजे सायकल आपल्या अंगाच्या मापाला बसवून घेण्यावर, घाला. सपाट रस्त्यावर वेगात जाताना हवेच्या विरोधाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग तुमच्या अंगाचा असतो, सायकलचा थोडाच. म्हणून फ्रेमचे दोन आकडे पाठ करा, स्टॅक आणि रीच, म्हणजे हँडलकडची बाजू किती उंच आणि किती पुढे. एम, एल असल्या साइजवर जाऊ नका, एका कंपनीचा एम दुसऱ्याच्या एलएवढा निघतो. आधी आहे त्या सायकलवर एरोबार लावून ट्रेनरवर बसा, बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा, एक तास त्या पोझिशनमध्ये मान न दुखता राहता येतं का पहा. राहता येत असेल तर तीच मापं घेऊन नवी सायकल शोधा.

कोणी तुम्हाला ब्रँड अँबॅसडर करतो म्हणाला, आपल्याकडेही आता असं होऊन राहिलं आहे, तर आनंद जरूर करा पण कागद वाचा. सूट किती टक्के, महिन्याला किती पोस्ट टाकाव्या लागतील, दुसऱ्या कंपनीची सीट लावली तर चालेल का, सायकल वर्षभराने परत द्यायची की विकता येईल. आपल्याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिकेची रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत) एकट्याने पूर्ण करून आले, जवळपास ४,८०० किलोमीटर. सायकलसोबत तिथे मागे गाडी, क्रू, महिनोन् महिन्यांची तयारी लागते. स्पॉन्सर मागायचाच असेल तर त्या खर्चासाठीही मागा, एक फ्रेम मिळाली म्हणून सही करू नका.

घ्यायची वेळ म्हणाल तर नवं मॉडेल आलं की जुन्याचे भाव उतरतात, तोपर्यंत थांबा. आणि त्या लोनवाल्या पोराला मी सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो, रविवारी सकाळी सहाला नागपूरच्या फुटाळा तलावावर या, आहे ती सायकल घेऊन या, मी मापाची टेप आणि क्लिप-ऑन एरोबारची माझी जुनी जोडी घेऊन येतो, लावून पाहू.