ग्रीसची नळी बदलायला मांडव्याला जायच्या आधी पुण्यातच उरकायची तयारी

आमची बोट मांडव्याजवळच्या खाडीत असते आणि आम्ही राहतो कोथरूडला, म्हणजे वडखळचा ट्रॅफिक धरून चार-साडेचार तास सहज, त्यामुळे तिकडे गेल्यावर एक ऑलिव्ह रिंग (नळीच्या जोडात बसणारं छोटं पितळी कडं) कमी पडली तर अख्खा वीकेंड गेला म्हणून समजा. म्हणून प्रोपेलर शाफ्टच्या सीलची (पंखा फिरवणारा दांडा बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा जोड) ग्रीसची नळी बदलायची असेल तर माझं आग्रहाचं सांगणं एकच, नवीन नळी घरीच डायनिंग टेबलवर पूर्ण तयार करायची, ग्रीस भरायचं, दोन्ही तोंडं बंद करायची आणि मगच गाडीत टाकायची. बोटीवर दोन नट सोडणं आणि दोन नट आवळणं एवढंच काम उरलं पाहिजे.

आधी आपलं सील कुठलं आहे ते बघा. हे सगळं जुन्या पद्धतीच्या ग्लँडसाठी, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पितळी सीलसाठी आहे, म्हणजे आत दोरीचं पॅकिंग आणि इंजिनशेजारी पितळी ग्रीसर, त्याचं हँडल फिरवलं की नळीतून ग्रीस ग्लँडमध्ये जातं आणि पाणी थोपतं. रबरी लिप सील असेल तर त्याला कंपनी सांगते तेच ग्रीस आणि तेही अगदी थोडं लागतं, ते काम वेगळं. आमची नळी तांब्याची होती, इंजिनच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि नटपासून बोटभर अंतरावर केसाएवढी चीर गेली होती, हँडल फिरवलं की तिथून गांडुळासारखं ग्रीस बाहेर यायचं आणि ग्लँडला काहीच पोचत नव्हतं. ग्लँडखालचे थेंब वाढले तेव्हा कुठे लक्षात आलं.

माप आधीच्या खेपेलाच घेऊन ठेवा. सुतळी जुन्या नळीच्या वाटेनेच फिरवायची, शाफ्ट आणि कपलिंगपासून लांब, एक्झॉस्टपासूनही लांब, आणि वर वीतभर सैल धरायची कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं. आमची सुतळी १.२ मीटर भरली. मग आटे. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. एक सुताचा बीएसपी (ब्रिटिश मापाचा आटा) म्हणतात तो व्हर्नियरने मोजला तर बाहेरून ९.७ मिमी भरतो, आणि तेवढाच दिसणारा एनपीटीही (अमेरिकन मापाचा) बाजारात मिळतो, पण बीएसपीला इंचात २८ आटे आणि एनपीटीला २७. मला एका दुकानातून एनपीटी दिला गेला होता, पहिले दोन आटे छान बसले आणि मग अडकला, जोर लावला असता तर ग्लँडचं पितळ फाटलं असतं. त्यामुळे जुन्या नटचा जोडीदार खिशात घेऊन जा आणि काउंटरवरच हाताने फिरवून बघा.

नळी मी आता हायड्रॉलिक होजची करतो, भोसरीत "दादा, सहा एमएम, दोन्हीकडे बीएसपी" म्हटलं की समोरच टोकांची फिटिंग दाबून बसवून (क्रिंप करून) देतात. फक्त एंड फिटिंग झिंक प्लेटिंगवाल्या लोखंडाचं घेऊ नका, बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, खाऱ्या पाण्यात ते गंजतंच, पितळी किंवा स्टेनलेस मागा. क्लिपा घेताना लोहचुंबक जवळ ठेवा, पट्टी स्टेनलेस असते आणि स्क्रू साधा असतो असं खूप वेळा होतं.

ग्रीस पाण्याने धुवून न जाणारं हवं, कॅल्शियमवालं किंवा मरीन. आत जे आहे त्याच जातीचं भरा, वेगवेगळ्या सोपचं (ग्रीस घट्ट करणारा घटक) ग्रीस मिसळलं की पातळ होऊ शकतं. ६ मिमीच्या १.२ मीटर नळीत जवळजवळ ३४ मिली ग्रीस मावतं, रिकामी नळी लावली तर ग्रीसरचं हँडल फिरवतच बसाल आणि मध्ये हवा अडकेल ती वेगळीच. ग्रीसगनने घरीच भरा, दुसऱ्या टोकातून बुडबुडे न येता सलग दोरी बाहेर आली की झालं, मग प्लॅस्टिकची टोपणं आणि वर झिपलॉक.

आता भरती-ओहोटी. नळी काढली की ते भोक पाण्याच्या पातळीखाली उघडं पडतं. आमची बोट दोन कीलवाली (तळाला दोन उभे पंख असलेली) आहे, ओहोटीला गाळावर सरळ बसते, म्हणून ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं तो उधाणाचा दिवस निवडतो, पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्या किनाऱ्याला पूर्ण ओहोटी पहाटे सहा-सातला आणि मग संध्याकाळी येते, म्हणजे शुक्रवारी रात्रीच पोचून झोपायचं. पाण्यात काम करायची वेळ आलीच तर पाइन लाकडाचे निमुळते बूच दोन-तीन मापांचे हातात हवेत, बिल्ज पंप आधी चालवून बघितलेला हवा.

पिशवीत दोन पाने नक्की, एकाने ग्लँडचा निपल (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा तुकडा) धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर जुना निपल मुळापासून तुटतो. टेफ्लॉन टेप फक्त निपलच्या आट्यांना, नटच्या आतल्या कोनाला अजिबात नाही. हेडलॅम्प, छोटा आरसा, चिंध्या, केबल टाय, गुडघ्याखाली घ्यायला जुनी चटई. इंजिनची किल्ली काढून काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात.

आणि जुनी नळी तिथे टाकून येऊ नका, पुण्याला परत आणा, पुढच्या वेळी माप त्याच्यावरूनच घेता येतं.