नोव्हेंबरअखेरची बास मासेमारी: या चुका टाळा

अमेरिकेच्या ईशान्य भागातील तळ्यांवर नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सामसूम झालेली असते. सहलीच्या होड्या ताडपत्रीखाली गेलेल्या असतात आणि पाण्यावर उरतात ते बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशाच्या मागे लागलेले मोजके हौशी मासेमार. वर्षातील सर्वांत वजनदार मासे याच दिवसांत लागण्याचा संभव असतो, तरीही पुष्कळ जण दिवसभर गळ टाकून हात हलवत परततात आणि खापर फोडतात ते आमिषावर. आमिष हे बहुतेक वेळा अगदी शेवटचे कारण असते. आधी जागा चुकते, मग वेग चुकतो, आणि या दोन्ही चुका झाकण्यासाठी डब्यातील एकामागून एक आमिष बदलले जाते. पुढील विवेचन न्यू जर्सीतील लेक हपॅटकाँग डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. राज्यातील हे सर्वांत मोठे तळे त्याच राज्यातील एडिसन गावाच्या परिसरातील मराठी मंडळींना मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे आणि तेथे लार्जमाउथ व स्मॉलमाउथ हे दोन्ही बास मिळतात.

ऑक्टोबरच्या जागेवर नोव्हेंबरमध्ये ठाण मांडणे

ऑक्टोबरमध्ये बास लहान माशांचे थवे हाकत उथळ खाड्यांत शिरतो, धक्क्यांच्या सावलीत आणि पाणगवताच्या कडेला सहज सापडतो. ही आठवण ताजी असल्यामुळे महिन्याभराने माणूस त्याच धक्क्यासमोर जाऊन उभा राहतो. मात्र पाण्याचे तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या (१० अंश सेल्सिअस) खाली जाऊ लागले की बहुतेक मासे उथळ पाण्याचा मोठा विस्तार सोडतात आणि जेथे उथळ भाग एकदम खोल उतरतो त्या उतारांवर गोळा होऊ लागतात. स्मॉलमाउथ खडकाळ टोकांच्या पायथ्याशी २० ते ३० फुटांवर आढळतो, तर लार्जमाउथ थोडा वर, शेवटच्या हिरव्या पाणगवताला धरून राहतो. येथे ‘हिरव्या’ या शब्दाला महत्त्व आहे. तपकिरी पडून कुजू लागलेले गवत पाण्यातील प्राणवायू खाते आणि तेथे लहान मासे थांबत नाहीत, त्यामुळे बासही थांबत नाही. गळाला अडकून आलेले गवत झटकून टाकण्यापूर्वी एकदा बोटांत धरून पाहावे. ते करकरीत व हिरवे असेल तर त्या कडेवर आणखी अर्धा तास द्यावा, आणि हाताला चिकट, काळपट लगदा लागला तर होडी पुढे न्यावी.

हपॅटकाँगवर आणखी एक पेच आहे. हिवाळ्यापूर्वी या तळ्याची पातळी मुद्दाम खाली आणली जाते, आणि साधारण दर पाच वर्षांनी ती तब्बल ६० इंच उतरवतात. नकाशावरील खोलीच्या रेषा तळे पूर्ण भरलेले असल्याचे गृहीत धरून काढलेल्या असतात. नकाशात १२ फूट दाखवलेली जागा अशा वर्षी प्रत्यक्षात सात फुटांची असते, आणि उन्हाळ्यात ज्या धक्क्याखाली मासे लागले तो धक्का कोरड्या चिखलात उभा असतो. खोलीसाठी नकाशापेक्षा सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली व मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, विश्वास ठेवावा. उघड्या पडलेल्या तळाची छायाचित्रे मात्र अवश्य काढून ठेवावीत, कारण कोणता दगड, कोणता बुंधा नेमका कोठे आहे हे इतके स्पष्ट पुन्हा दिसत नाही आणि वसंतात तीच माहिती सोन्याच्या मोलाची ठरते.

प्रत्येक अपयश टर्नओव्हरच्या माथी मारणे

उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्याचे थर पडतात. वरचा थर कोमट व हलका असतो, खालचा थंड आणि प्राणवायूने दरिद्री. शरदात वरचे पाणी थंड होऊन जड होते, खाली बसू लागते आणि अखेर वाऱ्याच्या साहाय्याने सगळे तळे ढवळले जाते. यालाच टर्नओव्हर म्हणतात. त्या काळात पाणी गढूळ दिसते, त्यात काळे कण तरंगतात, कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि मासे काही दिवस बेभरवशाचे होतात, हे सर्व खरे आहे. परंतु नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत या भागातील बहुतेक तळ्यांमध्ये ही क्रिया उरकलेली असते, आणि पुरेशी खोल नसलेली तळी तर अशी थरांत विभागलीच जात नाहीत. तरीही मासा लागला नाही की ‘पाणी उलटले आहे’ असे सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. पाणी स्वच्छ असेल आणि वास नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. उलट टर्नओव्हर होऊन गेल्यावर प्राणवायू तळापर्यंत पोहोचलेला असतो आणि उन्हाळ्यात माशांना बंद असलेली खोल जागा खुली झालेली असते. म्हणजे ज्याला सबब म्हणून पुढे केले जाते, तेच खोल पाण्यात शोध घेण्याचे सबळ कारण आहे.

‘सावकाश’ या सल्ल्याचा चुकीचा अर्थ घेणे

थंड पाण्यात बासची पचनक्रिया मंदावते, तो कमी खातो आणि दूरवर पाठलाग करत नाही, म्हणून आमिष सावकाश ओढावे असे सर्वत्र सांगितले जाते. सल्ला योग्य आहे, पण तो मासे सापडल्यानंतरचा आहे. रिकाम्या पाण्यात दोन तास जिग (जड डोक्याचा, आमिष लावलेला गळ) तळावरून इंच इंच सरकवत बसणे यासारखा वेळेचा अपव्यय दुसरा नाही. या दिवसांत मासे तळ्यात पसरलेले नसतात, ते थोड्या जागांवर दाटीने असतात, त्यामुळे तळ्याचा बहुतांश भाग खरोखरच ओस असतो. पहिला तास-दीड तास गळ हाती न घेता सोनारकडे पाहत उतारांवरून होडी फिरवली तरी तो वेळ वाया जात नाही. तळाला चिकटलेले मासे पडद्यावर नेहमीच्या कमानींसारखे दिसत नाहीत, तळाच्या रेषेवर लहान फुगवटे दिसतात आणि त्यांच्या वर लहान माशांचा ढग असतो. असे दृश्य दिसले की थांबावे आणि सावकाशपणा तेथे वापरावा. एक मासा लागला तर जागा सोडू नये. तो एकटा असण्याची शक्यता कमी असते.

आमिषांची यादी लांबवण्याची गरज नाही. जिग, ब्लेड बेट (ओढल्यावर थरथरणारी धातूची पातळ पट्टी) आणि जर्कबेट (झटके देत ओढायचे माशाच्या आकाराचे आमिष) एवढ्यावर दिवस निभावतो. ब्लेड बेट तळावर टेकू द्यावे, काठीचे टोक फूटभर उचलावे, हाताला तीन-चार थरथराटी जाणवल्या की थांबावे आणि दोरा किंचित सैल ठेवून ते खाली जाऊ द्यावे. दोन-तीन फूट जोराने उचलण्याचा मोह अनेकांना होतो आणि तेथेच काम बिघडते, कारण मासा बहुधा आमिष खाली उतरताना ते घेतो.

जर्कबेटची अडचण वेगळी आहे. मधोमध स्थिर राहावे म्हणून बनवलेले आमिष थंड, म्हणजेच अधिक घनतेच्या पाण्यात हळूहळू वर तरंगू लागते. दोन झटके देऊन १० ते २० सेकंद थांबावे असे म्हणताना ते त्या वेळात जागेवर राहील हे गृहीत असते. धक्क्याशेजारच्या पाण्यात टाकून पाहावे, वर येत असेल तर पोटाला शिशाची छोटी पट्टी चिकटवावी किंवा पुढच्या गळावर बारीक तार गुंडाळावी.

मासा लागत असूनही तो कळत नाही, ही तक्रारही नेहमीची. उन्हाळ्यातील ठसठशीत ओढ या दिवसांत विसरावी. बऱ्याचदा जिग नुसतेच जड वाटते, ओले पान चिकटल्यासारखे, किंवा दोरा पाण्यात जरासा बाजूला सरकतो. शंका आली की काठी ताणून पाहावी. त्यात एखाद्या वेळी पानच निघेल, त्याने काही बिघडत नाही. दोरा चाकूने कापावा तसा स्वच्छ तुटला तर तो बास नसून बहुधा पिकरेल असतो. हा लांब तोंडाचा, दातेरी मासा हपॅटकाँगमध्ये भरपूर आहे आणि त्यासाठी गळाजवळ जाड फ्लुरोकार्बन दोऱ्याचा तुकडा पुरेसा होतो.

पहाटेचा हट्ट

उन्हाळ्यात पहाट हा सुवर्णकाळ असतो, म्हणून नोव्हेंबरमध्येही अंधारात निघणारे लोक आहेत. त्यांना मिळतो तो केवळ कडाका आणि काठीच्या, दोरा ओवलेल्या कड्यांत साचणारा बर्फ. ब्रेडेड (विणलेला) दोरा पाणी धरून ठेवत असल्यामुळे कड्या लवकर गोठतात. काठीचे टोक क्षणभर पाण्यात बुडवले की बर्फ सुटतो, आणि कड्यांना आधीच लिप बाम चोळला तर तो उशिरा धरतो. बर्फ बोटांनी खरवडू नये, त्यात कडीच्या आतील रिंग निखळते. सकाळी दहानंतर निघून दुपारचे ऊन गाठणे अधिक शहाणपणाचे आहे. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने तळ्याच्या उत्तर काठावरील दगड आधी तापतात आणि तो काठ वायव्येच्या वाऱ्यापासूनही आडोशाला असतो. अमेरिकेतील उन्हाळी वेळ संपून घड्याळे एक तास मागे गेलेली असतात आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे लक्षात ठेवून परतीची वेळ ठरवावी. थंड हवेची लाट येऊन गेल्यानंतरचा निरभ्र, निळ्या आकाशाचा दिवस दिसायला सुंदर असला तरी मासेमारीला वाईट. सवड असेल तर लाट येण्याच्या आदल्या ढगाळ दिवशी जावे.

लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवणे

ही चूक बाकी सर्वांपेक्षा महाग पडते. थंड पाण्यात पडल्यावर माणूस आधी गारठून मरतो ही समजूत चुकीची आहे. पडताक्षणी श्वास अनावर होतो, तोंडात पाणी जाते आणि पोहता येणारेही पहिल्या काही मिनिटांत बुडतात. शीतजलाचे अभ्यासक हे १-१०-१ या सूत्रात सांगतात: श्वास ताब्यात आणण्यासाठी एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्याची सुमारे दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. तो शेवटचा तास फक्त जॅकेट अंगात असणाऱ्याला मिळतो. न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांपेक्षा लहान होडीत ते घालणे कायद्याने बंधनकारक आहे, पेनसिल्व्हेनियात १६ फुटांपेक्षा लहान होड्यांना आणि सर्व कयाकना १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल असाच नियम आहे. कायदा असो वा नसो, ते अंगात असावे, आणि त्याखाली सुती कपड्यांऐवजी लोकरीचे.

मासा सोडताना आणि होडी काढताना

तीस फुटांपेक्षा खोलातून वर आणलेल्या बासचा वायुकोश फुगतो, तो पोट वर करून तरंगतो आणि सोडल्यावर खाली जाऊ शकत नाही. सुईने हवा काढण्याचे प्रयोग नवख्याने करू नयेत. वजन बांधलेल्या क्लिपने त्याला पुन्हा खोलीत पोहोचवता येते, पण एवढ्या खोलात मासे धरायचेच नाहीत हे उत्तम. हवा गोठणबिंदूखाली असेल तर छायाचित्रासाठी मासा पाण्याबाहेर धरून ठेवू नये, त्याच्या कल्ल्यांना इजा होते.

रॅम्पवर, म्हणजे होडी पाण्यात सोडण्याच्या काँक्रीटच्या उतारावर, पातळी उतरलेली असताना ट्रेलर फार मागे नेला तर चाके काँक्रीटच्या कडेवरून खाली उतरून अडकतात, तेव्हा कड कोठे आहे हे काठीने आधी चाचपावे. होडी वर आल्यावर तिच्यातील पाणी उतारावर सांडू देऊ नये, कारण मागून येणाऱ्याची चाके त्या बर्फावर घसरतात. इंजिन काही मिनिटे सरळ उभे ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते आणि रात्री गोठून पंपाला तडा जात नाही.