पायथनमधून मोबाईल ॲप बनवताय? मग या चुका टाळा

पायथन येतं म्हणजे अँड्रॉइड ॲप पण झालंच असं धरून चालणारी मंडळी सारखी मेसेज करतात, आणि मेसेज ठरलेला, "दादा लॅपटॉपवर मस्त चालतंय, मोबाईलवर उघडतं आणि लगेच बंद होतं." बरं, लॉग पाठव म्हटलं की काळ्या स्क्रीनचा फोटो येतो. त्यात मी काय बघू?

सगळ्यात आधी टीकिंटरवाले (पायथनसोबत येणारी, लॅपटॉपवर खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी). कॉलेजचा प्रोजेक्ट टीकिंटरमध्ये केलेला असतो आणि सबमिशनच्या आदल्या आठवड्यात विचारतात, याचं एपीके (अँड्रॉइड फोनवर टाकायची ॲपची फाइल) कसं करू. होत नाही. पायथन कोडचं एपीके बनवणारं टूल म्हणजे बिल्डोझर, ते टीकिंटर घेत नाही, पायक्यूटी या तशाच दुसऱ्या लायब्ररीचं पण तसं सरळ काम नाही, स्क्रीन नव्याने लिहावी लागते. त्याऐवजी फोनवर पण चालणारं कीवी घ्या, नाहीतर बीवेअर, नाहीतर फ्लेट. कीवी सगळी बटणं स्वतः ओपनजीएलवर रंगवतं, त्यामुळे ती सगळीकडे सारखी पण थोडी परकी दिसतात, बीवेअरचं टोगा फोनची स्वतःची बटणं वापरतं, फ्लेटच्या पोटात गूगलचं फ्लटर आहे. कुठलं चांगलं यावर भांडत बसू नका, एक धरा. पुढचं सगळं मी कीवी आणि बिल्डोझरबद्दल लिहितोय कारण मेसेज त्याचेच येतात.

आता मुख्य चूक. तुमच्या लॅपटॉपवर जे आहे ते फोनवर नाहीये, तुम्ही एपीकेत जेवढं भरलं तेवढंच तिथे आहे. हे ऐकून सगळे हो हो म्हणतात आणि तरी तिथेच पडतात.

ओळखीतला एक पोरगा, गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी ॲप केलं. सकाळ संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ टाकायचं, दरपत्रकावरून रक्कम निघणार, दहा दिवसांचं बिल निघणार, खरंच कामाची गोष्ट. फोनवर टाकलं की कीवीचा लोगो दिसायचा आणि ॲप गायब. याने काय केलं, थीम बदलली, कीवीचं व्हर्जन बदललं, बिल्डोझरचा अख्खा फोल्डर उडवून परत सगळं एसडीके एनडीके (अँड्रॉइड ॲप बनवायची टूल्स) डाउनलोड केलं, तेही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. शेवटी माझ्याकडे आला तेव्हा मी केबल लावली, यूएसबी डीबगिंग चालू केलं, एडीबी लॉगकॅट (फोनचा लॉग लॅपटॉपवर दाखवणारी कमांड) चालवून फक्त पायथनच्या ओळी वेगळ्या काढल्या, आणि तळाला स्वच्छ लिहिलेलं, फाइल सापडत नाही, दरपत्रकाची जेसॉन. बिल्डोझरच्या स्पेक फाइलमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, कुठल्या एक्स्टेन्शनच्या फाइली आत घ्यायच्या त्याची एक ओळ असते, त्यात मुळात पायथन, पीएनजी, जेपीजी, केव्ही आणि ॲटलास एवढंच असतं. जेसॉन नाही, टीटीएफ (फॉन्टची फाइल) नाही, डीबी नाही, एमपीथ्री नाही. एक शब्द वाढवला, चाललं.

पण खरा घोळ नंतर झाला. नोंदी ठेवायची डेटाबेस फाइल त्याने नुसतं नाव देऊन उघडली होती, म्हणजे ती ॲपच्या कोडशेजारीच तयार होत होती. चाललं की छान, रोज नोंदी पडतायत, सगळे खूश. मग बिलाची प्रिंट नीट येण्यासाठी नवं व्हर्जन दिलं आणि बिलाच्या तोंडावर सगळ्या नोंदी साफ! कारण ॲप अपडेट झालं की कोडचा तो फोल्डर पुसून नव्याने उघडला जातो, आणि त्यात तुम्ही ठेवलेलं पण त्याच्यासोबत जातं. नशीब, सचिव वहीत पण लिहीत होते, वहीवरून बिलं निघाली. लिहायच्या फाइली कायम यूजर डेटा डिर मध्ये, म्हणजे ॲपच्या डेटासाठीच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, कीवीच्या ॲप क्लासमध्येच तो पत्ता मिळतो. मी तर नवीन प्रोजेक्टमध्ये पहिली ओळ हीच लिहितो, बटण एक पण नसताना. अनइन्स्टॉल केलं तर ते पण जातं, त्यामुळे बॅकअपचं बटण वेगळं द्याच.

याच्याच जोडीची चूक म्हणजे रिक्वायरमेंट्स, स्पेकमधली लागणाऱ्या लायब्ररींची यादी. लॅपटॉपवर पिपने रिक्वेस्ट्स (वेबवरून डेटा आणणारी लायब्ररी) टाकलं की त्याच्यासोबत लागणारं बाकीचं आपोआप येतं, स्पेकमध्ये ते पण स्वतः लिहा, यूआरएललिब३, सर्टिफाय, आयडीएनए वगैरे. आणि ज्या लायब्ररीत सीचा कोड आहे तिला पायथन-फॉर-अँड्रॉइडची (बिल्डोझर आतून वापरतं ते टूल) रेसिपी, म्हणजे ती अँड्रॉइडसाठी कशी बनवायची त्याची कृती लागते, नमपायला आहे, प्रत्येकाला नाही. ॲपचं अर्धं काम झाल्यावर हे बघण्यापेक्षा आधी बघा ना. मी रिकामी स्क्रीन आणि सगळे इम्पोर्ट एवढंच घालून पहिला बिल्ड करतो, तो फोनवर उघडला तरच पुढे.

स्क्रीन गोठणे. बटण दाबलं की सर्व्हरवरून डेटा आणायचा, आणि तो कोड सरळ बटणाच्या फंक्शनमध्येच. लॅपटॉपवर वायफाय जोरात असतं म्हणून कळत नाही, एसटीत बसून एका दांडीच्या नेटवर्कवर बघा. स्क्रीन रंगवणारा आणि बोटाला उत्तर देणारा मुख्य थ्रेड अडकला की स्क्रीन मेली, बोटाला पाच सेकंद उत्तर नाही मिळालं की अँड्रॉइडच विचारतं, ॲप बंद करू का. मग कोणीतरी सांगतं थ्रेड वापर, की हे त्या थ्रेडमधूनच लेबल आणि विजेट बनवायला जातात आणि कीवी ओरडतं की ग्राफिक्सचं काम मुख्य थ्रेडच्या बाहेर करता येत नाही. आणायचं काम मागे, दाखवायचं काम पुढे, मधे काम मुख्य थ्रेडकडे सोपवायला कीवीच्या क्लॉकचं शेड्यूल वन्स किंवा मेनथ्रेड डेकोरेटर. नुसतं वेबवरून आणायचं असेल तर कीवीचं यूआरएलरिक्वेस्ट आहेच, थ्रेडच्या नादी पण लागू नका. आणि टाइम स्लीप, म्हणजे कोड तिथेच थांबवून ठेवणारी ओळ? ज्याच्या कीवी कोडमध्ये मला स्लीप दिसतं त्याचा पुढचा कोड मी वाचतच नाही.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतायत? कीवीचा नेहमीचा फॉन्ट रोबोटो, त्यात देवनागरी नाही. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरीची टीटीएफ सोबत द्या, आणि स्पेकमधल्या त्या एक्स्टेन्शनच्या ओळीत टीटीएफ लिहा. तरी पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडली आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहिली तर फॉन्टला दोष देऊ नका, अक्षरजोडणी होत नाहीये. नव्या कीवीत लेबलला लिपीचं नाव सांगायची सोय आहे, ती लावून खऱ्या फोनवर बघा.

तुमच्या फाइलचं नाव कीवी डॉट पीवाय ठेवू नका. मुख्य फाइल मेन डॉट पीवायच हवी. परमिशन स्पेकमध्ये लिहिली म्हणजे मिळाली असं नाही, कॅमेरा आणि लोकेशनसाठी ॲप चालू असताना विचारावं पण लागतं, अँड्रॉइड ६ पासून हे असंच आहे. आयफोनसाठी मॅक लागतो, जुगाड विचारू नका.

विंडोजवाल्यांनो, बिल्डोझरला लिनक्स किंवा मॅक लागतो, म्हणजे तुम्हाला डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय). आणि प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवर ठेवून बिल्ड मारला तर हळू चालतो आणि परमिशनच्या कटकटी वेगळ्या. फोन डब्ल्यूएसएलला सहजी दिसत नाही, एपीके विंडोजकडे कॉपी करून तिथल्या एडीबीने टाका.

पहिल्या बिल्डला वेळ लागतो, लागू द्या. अर्ध्यात कंट्रोल सी मारून परत सुरू करणारे आणि मग अर्धवट डाउनलोडमुळे भलतेच एरर घेऊन येणारे, यांना मी चहा पिऊन या एवढंच सांगतो. जुन्या व्हिडिओतून कमांड उचलणं पण थांबवा, त्यात जावा ८ असतं, आता १७ लागतं. सायथन (पायथन कोडचं सीमध्ये रूपांतर करणारं टूल) ३ आल्यावर तर २०२३ मध्ये कित्येकांचे चालू बिल्ड पडले होते, तेव्हा व्हर्जन लिहून ठेवा.

आणि हो, ब्राउझरमधल्या फुकटच्या नोटबुकवर (कोलॅबसारख्या) एपीके बनवायचा शॉर्टकट. दाखवण्यापुरतं एकदा ठीक. पण सेशन संपलं की ते मशीन पुसलं जातं, त्यासोबत डीबगची सही करणारी किल्ली पण, म्हणजे एपीके तुमचंच आहे हे फोनला पटवणारी फाइल. पुढच्या वेळी नवी किल्ली तयार होते, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवलेलं नवं एपीके जुन्यावर बसतच नाही कारण सही जुळत नाही. मग लोक जुनं काढून टाकतात आणि यूजर डेटा डिर मधलं सगळं जातं. स्वतःची कीस्टोअर (सहीची किल्ली ठेवायची फाइल) एकदा बनवा, दोन ठिकाणी ठेवा, पासवर्ड कागदावर.

प्ले स्टोअरवर जायचं असेल तर नव्या ॲपला ऑगस्ट २०२१ पासून एएबी (अँड्रॉइड ॲप बंडल) लागतं, एपीके नाही, आणि ६४ बिट सक्तीचं आहे, म्हणजे स्पेकमध्ये आर्म६४ हवंच. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी बारा टेस्टर सलग चौदा दिवस धरून ठेवावे लागतात. हे बारा जण ॲप लिहितानाच गाठून ठेवा, आणि त्यांना सांगा की चौदा दिवस व्हायच्या आत बाहेर पडायचं नाही.